डी आकाराची सिरॅमिक गुहा: निकाल ब्रिसलनोजच्या नराने दिला

पाचपैकी चार तारे. टँकमधल्या ब्रिसलनोज माशाने आत अंडी घालावीत म्हणून ठेवायची ही मातीची गुहा, वस्तू चोख आहे. एक तारा कापलाय तो जाहिरातीत दिलेल्या मापासाठी आणि तोंडाजवळच्या खरखरीत कडेसाठी. घाईत असलेल्यांनी एवढं वाचून मागवली तरी चालेल, फक्त मागवण्याआधी आपल्या टँकमधला नर मोजून घ्या. आणि नर कोणता हेच ठाऊक नसेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मी टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, असतो, त्यामुळे घरी आलेली कुठलीही वस्तू मी आधी मोजतो आणि मग वापरतो. बायकोने यावर बोलणं कधीच सोडून दिलंय. ही गुहा आली तेव्हाही खोकं फोडल्यावर पहिलं काम तेच केलं.

जाहिरातीत माप होतं १६ × ६ × ५ सेंमी. व्हर्नियर लावला तर माप बरोबर निघालं, पण बाहेरून. भिंत ७ मिमी जाड आहे. म्हणजे आत माशाच्या वाट्याला येते ४.६ सेंमी रुंदी, कमानीच्या मधोमध ३.६ सेंमी उंची आणि सव्वापंधरा सेंमी खोली. माशाला बाहेरच्या मापाशी काय देणंघेणं? त्याला आत राहायचंय. आणि गंमत अशी की या एका आकड्यावरच अंडी होणार की नाही, हे बरंचसं ठरतं. नेमका तोच आकडा विक्रेता सांगत नाही. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच घाटाच्या गुहा बरेच जण बनवतात आणि बहुतेक सगळ्यांची मापं द्यायची तऱ्हा हीच आहे.

वस्तूचं वर्णन थोडक्यात: भाजलेली माती, चकाकीचा लेप नाही, रंग विटकरी, मागचं टोक बंद, पुढचं उघडं. वर अर्धगोल कमान आणि खाली सपाट बूड, म्हणून डी. सपाट बुडाचा फायदा म्हणजे ती लोळत नाही. गोल नळी वाळूवर ठेवली की नर आत शिरताना तिला हलवतो, आणि हलणाऱ्या घरात कोणी संसार मांडत नाही.

आता आतल्या मापाला एवढं महत्त्व का ते सांगतो. ब्रिसलनोज, म्हणजे अँसिस्ट्रस, ही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधली, अंगावर कडक कवच असलेली आणि तोंडाने काचेला चिकटणारी चिलखती सकर मासळी. नदीत ती लाकडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत अंडी घालते आणि अंडी राखायचं काम नर करतो. एकटा. मादी अंडी घालून निघून जाते, पुढचं सगळं बापाच्या गळ्यात. तो गुहेचं तोंड स्वतःच्या अंगाने बुजवतो, छातीचे पर आणि शेपूट हलवून अंड्यांवर ताजं पाणी खेळवतो, तोंडाने अंडी साफ करतो. गुहा फार रुंद असली तर त्याला तोंड अडवता येत नाही. दुसरे मासे बाजूने घुसतात, अंडी खातात, आणि वारा घालूनही पाणी नुसतं बाहेरच्या बाहेर फिरतं. फार अरुंद असली तर तो आत वळू शकत नाही आणि मादीला शेजारी जागा उरत नाही. माझा ठोकताळा असा: नराने छातीचे पर अर्धवट पसरले की त्यांची टोकं दोन्ही भिंतींना जेमतेम लागावीत, आणि गुहेची खोली त्याच्या लांबीच्या सव्वापट ते दीडपट असावी. माझा नर ११ सेंमीचा. त्याला ही गुहा मापात बसली. १५ सेंमीच्या दांडग्या नराला ती बसणार नाही, आणि आठ सेंमीच्या पोरसवद्या नराला ढगळ होईल.

म्हणजे गुहा मादीच्या मापाने घ्यायची नाही, टँकच्या मापाने तर नाहीच. ती नराच्या मापाने घ्यायची. आणि म्हणून आधी नर ओळखता आला पाहिजे.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. सगळे सांगतात, ज्याच्या नाकावर ब्रिसल, म्हणजे दाढीसारखे तंतू, तो नर. मोठ्या माशाच्या बाबतीत हे खरंच आहे. पूर्ण वाढलेल्या नराच्या थोबाडावर जाड, मांसल, टोकाला फाटे फुटलेले तंतू असतात आणि ते फक्त ओठांच्या वरच्या कडेला न थांबता नाकाच्या मधून कपाळाकडे दोन ओळींत चढत जातात. मादीला एकतर काहीच नसतं, किंवा थोबाडाच्या कडेने आखूड, बारीक, बिनफाट्याच्या तंतूंची एक ओळ असते. तेव्हा ब्रिसल आहेत की नाहीत हा प्रश्नच अपुरा आहे. ते कुठे आहेत हे बघायचं. कडेलाच असतील तर मादी असू शकते, कपाळाकडे चढले असतील तर नर.

अडचण लहान माशांची. पाच-सहा सेंमीपर्यंत नर आणि मादी सारखेच दिसतात. नराचे तंतू साधारण त्या सुमाराला डोकं वर काढायला लागतात, सात-आठ सेंमीला शंका राहत नाही, आणि अंडी द्यायला मासे वर्षाच्या आसपास तयार होतात. एका विक्रेत्याने मला चार सेंमीची दोन पिल्लं ‘खात्रीची जोडी’ म्हणून दाखवली होती. त्या वयात खात्री देणारा माणूस एकतर ज्योतिषी असतो किंवा विक्रेता. मी जोडीच्या भानगडीत न पडता त्यातली अर्धा डझन पिल्लं घेतली आणि वाढवली. सहापैकी सगळे नर किंवा सगळ्या माद्या निघायची शक्यता फार कमी, एवढं गणित मला पुरे होतं. वाढायला वेळ लागतो, पण मासे आपल्याच पाण्यात मोठे झालेले असतात.

आणखी एक फसवणूक तंतूंबाबत होते. पोट न भरलेला, किंवा मोठ्या नराच्या धाकाखाली वाढणारा धाकटा नर उशिरा ब्रिसल काढतो. त्याला लोक मादी समजतात, ‘जोडी’ महिनोन्महिने काहीच करत नाही, आणि दोष मात्र पाण्यावर, खाण्यावर, गुहेवर जातो. अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंगच नसलेल्या, माशांत तर तंतू अंगाच्याच फिकट गुलाबी रंगाचे असल्यामुळे उजेड कमी असला की दिसतच नाहीत. म्हणून मी तंतूंखेरीज आणखी दोन-तीन गोष्टी बघतो.

पहिली, वरून बघणे. टँकचं झाकण काढा आणि सरळ वरून पाहा. नर पाचरीसारखा असतो: डोकं सगळ्यात रुंद, मग शेपटीपर्यंत निमुळता. मादी पोटाशी रुंद असते, आणि अंडी भरली की छातीच्या परांमागे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. मासा काचेला चिकटला की पोट समोरून दिसतं, अंडी भरलेल्या मादीच्या पोटातून कधी कधी नारिंगी छटाही जाणवते. दुसरी, गाल. नराच्या गालावर कल्ल्याच्या झाकणाजवळ काट्यांचा झुबका असतो, तो राग आला की बाहेर काढतो. मादीलाही काटे असतात, पण बारके. छातीच्या पराच्या पहिल्या काट्यावरचे खरखरीत दातेही नरात जास्त. मासा जाळीत पकडलात तर हे काटे जाळीत असे अडकतात की सोडवताना घाम फुटतो, म्हणून मी ब्रिसलनोज नेहमी प्लास्टिकच्या भांड्याने काढतो. तिसरी गोष्ट म्हणजे पोटाखालचा जननछिद्राजवळचा उंचवटा, नरात टोकदार आणि मादीत गोलसर. ही खूण पक्की आहे खरी, पण मासा भांड्यात, पाण्यात ठेवून उलटा न करता बघायला नजर बसावी लागते. मला अजूनही पहिल्या दोन खुणा जास्त कामाच्या वाटतात.

तंतूंवरून एक अवांतर. मादीला असल्या दाढीवाल्यात काय दिसतं, याचा एक मोठा मजेशीर तर्क आहे. सबाज, आर्मब्रस्टर आणि पेज या तीन मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडला: नराच्या थोबाडावरचे हे वळवळणारे तंतू मादीला पिल्लांसारखे दिसत असावेत. जो नर आधीच पिल्लं सांभाळतोय तो चांगला बाप, असा मादीचा हिशेब. मग ज्याच्याकडे पिल्लं नाहीत तो नुसत्या दाढीवर बापपणाचा आव आणतो. तर्कच आहे, पण माझा नर गुहेच्या तोंडाशी बसून दाढी हलवतो तेव्हा मला तो हटकून आठवतो.

बरं, गुहा. टँकमध्ये टाकण्याआधी मी ती रात्रभर साध्या पाण्यात भिजवली आणि ब्रशने घासली. साबण लावू नका, भाजलेली माती सच्छिद्र असते आणि साबण धरून ठेवते. उकळत्या पाण्यात एकदम टाकू नका, तडकेल. तोंडाच्या आतल्या कडेला मातीचा करकरीत, धारदार कंगोरा राहिला होता, बोट फिरवलं की लागत होता. चिलखती मासा असला तरी त्याचं पोट मऊ असतं आणि तो पोटावरच सरपटत आत शिरतो. बारीक पॉलिशपेपरने ती कड मारून घेतली, पाच मिनिटांचं काम. पण हे पाच मिनिटांचं काम बनवणाऱ्याने करायला हवं होतं, म्हणून तारा कापला.

ठेवायची जागा: टँकचा अंधारा कोपरा, मागच्या काचेला समांतर, तोंड फिल्टरच्या प्रवाहाच्या थेट समोर नाही पण अगदी मेलेल्या पाण्यातही नाही. तोंडाकडची बाजू मी खाली एक चपटा दगड सरकवून जराशी वर उचलली, म्हणजे अंड्यांचा घोस सुटला तरी घरंगळून बाहेर येणार नाही. गुहा वजनाला चांगलीच आहे, त्यामुळे ती वाळूवर सोडू नका, काचेपर्यंत रुतवून बसवा. शेजारी टँकमध्ये आधीपासून असलेलं बुडीत लाकूड होतं. ब्रिसलनोज ते दिवसभर खरवडत असतात, त्यामुळे लाकूड सजावटीसाठी नाही, गरजेसाठी ठेवायचं.

पहिले काही दिवस नराने गुहेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मादी मात्र तिच्यावर चढून बसायची. मग एका सकाळी तो आत होता आणि तिथून पुढे तो हललाच नाही. आतून भिंती चाटूनपुसून स्वच्छ केल्या, वाळूचे कण शेपटीने बाहेर लोटले. हे दिसलं की समजायचं, घर पसंत पडलं. टँकमध्ये मोठा झालेला दुसरा नर होता, त्याला मी वेगळ्या टँकमध्ये हलवलं. दोन नर आणि एक गुहा म्हणजे रोजची मारामारी आणि फाटलेले पर. दोघांना एकत्र ठेवायचं असेल तर गुहा दोन हव्यात, लांब लांब हव्यात, आणि एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये.

अंडी यावीत म्हणून जे करायचं ते गुहेबाहेरचं आहे. नर-मादीला आठवडाभर जरा प्रथिनांचं खाणं दिलं, गोठवलेल्या अळ्या, कोळंबीचे दाणे, आणि बरोबर नेहमीचा पाला: काकडी, झुकिनी, पालक. मग पाण्याचा जवळपास निम्मा भाग बदलला, तोही टँकपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड पाण्याने, क्लोरीन काढून. नदीला पूर येतो तेव्हा असंच थंड, ताजं, मऊ पाणी येतं, आणि मासा त्याचा अर्थ बरोबर घेतो. माझं पाणी २५ अंश, पीएच सातच्या आसपास. ब्रिसलनोज याबाबतीत खळखळ करणारा मासा नाही. साडेसहा ते साडेसात पीएच आणि २३ ते २७ अंश यात तो मजेत असतो. पाणी स्वच्छ आणि ऑक्सिजन भरपूर, एवढी मात्र त्याची अट असते.

मादी रात्री आत गेली आणि सकाळी बाहेर आली ती पोट रिकामं करून. तिच्या आकारात एवढा फरक पडतो की ओळखू येत नाही. नर आत, तोंडाशी शेपूट, आणि शेपटीचा तो विशिष्ट संथ हलका फटका सतत चालू.

इथे गुहेची एक उणीव जाणवली: मागचं टोक बंद, त्यामुळे आत काय चाललंय ते कळत नाही. मंद टॉर्च तोंडातून तिरपी टाकली तर कधीतरी नराच्या पोटाखाली नारिंगी-पिवळा घोस दिसतो. अंडी दोन-तीन मिमीची, चिकट, एकमेकांना आणि भिंतीला धरून. घोसात कधी वीस-तीस, कधी शंभरच्या वर. बघायचा मोह कितीही झाला तरी गुहा उचलून बघू नका. उणीव म्हटलं खरं, पण मागच्या बंद टोकामुळेच नराला एकच दार राखावं लागतं, म्हणून त्याबद्दल मी गुण कापलेले नाहीत.

पहिला घोस नराने बाहेर फेकला. दोन दिवस राखला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घोस वाळूवर. गुहेचा दोष? मला नाही वाटत. तरुण नर पहिल्या खेपेला असं करतात, घाबरला किंवा कोणी फार सतावलं तरी करतात. टाकलेली अंडी सहसा तो परत घेत नाही. ती वाचवायची असतील तर हवेवर चालणारा एग टंबलर लागतो: जाळीची ॲक्रिलिक नळी, खालून बुडबुडे, वर अंडी हलकेच उलटसुलट होत राहतात. हा टंबलर मी घेऊन ठेवला होता, त्याचंही मत देतो: पाचपैकी तीन. काम करतो, पण हवेचा झडप-नळ बारीक फिरवता आला नाही तर अंडी एकतर निपचित पडतात किंवा घुसळली जातात. पांढरी पडलेली अंडी रोज चिमट्याने काढायची, नाहीतर बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते. पाण्यात मेथिलिन ब्लूचे थेंब टाकून हलकी निळाई आणली की बुरशीला आळा बसतो. त्या घोसातल्या बऱ्याच अंड्यांतून पिल्लं निघाली, पण नराच्या पोटाखाली जेवढी निघतात तेवढी नाहीत. पुढच्या खेपेपासून नराने काम नीट सांभाळलं आणि टंबलर कपाटात गेला.

अंडी फुटायला २५-२६ अंशांना पाच-सहा दिवस लागतात, पाणी थंड असेल तर जास्त. बाहेर पडतात ते मासे दिसतच नाहीत: मोठी पिवळी पिशवी आणि तिला चिकटलेली शेपटी. ती पिशवी म्हणजे शिदोरी. ती संपेपर्यंत, आठवडाभर किंवा थोडं जास्त, पिल्लं गुहेच्या भिंतीला चिकटून आतच असतात आणि बाप त्यांना बाहेर पडू देत नाही. इथे भाजलेल्या मातीचा खरबरीतपणा उपयोगी पडतो, पिल्लांना पकड मिळते. शिदोरी संपली की एके दिवशी गुहेच्या तोंडाभोवती, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर छोटे छोटे पूर्ण बनलेले ब्रिसलनोज चिकटलेले दिसतात. या घडीपासून बापाची जबाबदारी संपते आणि तुमची सुरू होते.

ज्यांना वाटतं अंडी फुटली की काम झालं, त्यांची पिल्लं पुढच्या दोन आठवड्यांत मरतात. पिल्लांना सतत खायला लागतं. त्यांच्या तोंडापुढे चोवीस तास काहीतरी असलं पाहिजे: वाफवून मऊ केलेली झुकिनी, पालकाचं पान, शेवाळाच्या वड्या, लाकूड. आणि सतत खाणं म्हणजे सतत घाण. भाजीचा तुकडा बारा तासांच्या वर पाण्यात ठेवू नका, रोज थोडं पाणी बदला. पिल्लांना अमोनिया अजिबात चालत नाही. फिल्टर स्पंजचाच हवा. मोटरवाल्या फिल्टरच्या तोंडात ती ओढली जातात, आणि स्पंजवर साचलेली कीट ती आनंदाने खातात, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

काचेला बाहेरून अडकवायची पिल्लांची पेटीही मी वापरली, हवेच्या नळीने टँकचंच पाणी आत खेळवते ती. तिला साडेतीन. पहिल्या काही दिवसांत खाणं पिल्लांच्या जवळ ठेवायला सोयीची, पण निचऱ्याच्या फटी भाजीच्या चोथ्याने तुंबतात आणि पाणी वरून सांडतं. शंभर पिल्लांना ती पुरतही नाही. त्यापेक्षा वेगळा छोटा टँक, तळ उघडा, एक स्पंज फिल्टर, एवढं पुष्कळ.

रंगाबद्दल बरेच विचारतात म्हणून एवढंच: अल्बिनो आणि साधा तपकिरी अशी जोडी लावली तर पिल्लं सहसा तपकिरीच येतात. अल्बिनोचा गुण झाकून राहतो आणि पुढच्या पिढीत डोकं वर काढतो. लांब परांचा गुण उलट आहे, एका पालकात असला तरी पिल्लांत दिसतो. दुकानातल्या पाट्यांवरच्या लॅटिन नावांवर फार भरवसा ठेवू नका. डोलिकोप्टेरस या ब्रिसलनोजच्या एका जातीच्या नावाने जे साधे तपकिरी मासे विकले जातात ते बहुतेक तो मासा नसतातच. खरा डोलिकोप्टेरस काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, पर पांढऱ्या किनारीचा असतो. शास्त्रीय नाव न मिळालेल्या सकर माशांना ओळखीसाठी एल क्रमांक द्यायची पद्धत १९८८ मध्ये एका जर्मन मासिकाने सुरू केली, आणि त्यात डोलिकोप्टेरसचा क्रमांक एल १८३.

आता दुसऱ्या पर्यायांशी तुलना. पीव्हीसीची नळी: चालते, एक टोक बंद करा, कडा घासा. गुळगुळीत असल्यामुळे घोस सुटायची भीती जास्त आणि गोल असल्यामुळे लोळते. पण दुकानातच मोजून आतलं माप अचूक निवडता येतं, आणि मोजमापवाल्या माणसाला त्याचं अप्रूप आहे. नारळाची करवंटी: दिसायला छान, तोंड फार रुंद, काही महिन्यांत मऊ पडते. लपायला ठीक. बांबू: मासे आवडीने घेतात, पण आधी बरेच दिवस भिजवावा लागतो आणि शेवटी कुजतो. पाटीच्या दगडाच्या चिकटवलेल्या गुहा: जातिवंत वस्तू, आतून सपाट आणि खरबरीत, पण जड आणि कोपरे धारदार. फुलझाडाची कुंडी आडवी ठेवणं हे सगळे सुचवतात. तोंड एवढं मोठं असतं की नराला दारच राखता येत नाही. कुंडीत अंडी होत नाहीत असं नाही, पण टिकतात कमी.

या सगळ्यांत माझी पसंती डी गुहेला आहे. वर्ष उलटून गेलं तरी ती जशीच्या तशी आहे. बाहेरून शेवाळाने हिरवी झालीय, आतून नर तिला नवी कोरी ठेवतो. पिल्लं निघाली की तो दोन-तीन आठवड्यांत पुन्हा आत जाऊन बसतो, आणि अंडी भरलेली दुसरी मादी असली तर आधीची पिल्लं आत असतानाच तिचीही अंडी घेतो.

कोणी घेऊ नये? ज्याच्याकडे एकच मासा आहे त्याने. ज्याचे मासे अजून सहा सेंमीच्या आत आहेत त्याने, कारण मापच ठरवता येणार नाही. आणि ज्याने पिल्लं कुणाला द्यायची हे ठरवलेलं नाही त्याने, कारण पसंतीची गुहा मिळालेला नर थांबत नाही. पिल्लं वाढून दहा-बारा सेंमीचे मासे होतात, वर्षानुवर्षं जगतात आणि नदी-तळ्यात सोडायचे नसतात. मला सध्या अंडी नको असली की मी गुहा काढून कपाटात ठेवतो. नर दोन दिवस तोंड पाडून लाकडाखाली बसतो, मग पालकाच्या पानाने त्याची समजूत निघते.

वेगळ्या टँकमधला तो धाकटा नर आता साडेआठ सेंमीचा झालाय, कपाळाकडे दोन ओळी चढल्यात. त्याच्यासाठी त्याच विक्रेत्याकडे लहान आकार आहे का विचारलं आणि आतली रुंदी मागितली. उत्तर आलं, आतलं माप आमच्याकडे नसतं. मग तोंडावर पट्टी धरून फोटो पाठवा म्हटलं. पाठवला, त्याबद्दल आभार. पट्टीवर ३.७ दिसतंय. मागवली आहे.